चार भाषांचे राज्य, एक विद्यापीठ

परभणी जिल्ह्यातील एखाद्या मुलाने मॅट्रिकच्या पलीकडे शिकावयाचे मनात आणले म्हणजे १९४८ पूर्वीच्या काळात त्याच्या वडिलांपुढे दोन वाटा असत. एक वाट पुण्यामुंबईची किंवा नागपूरची. तिकडे भाषा आपली, माणसे आपली, पण राज्य परके, खर्च मोठा आणि परत आल्यावर सरकारी चाकरीत त्या पदवीचा किती आदर होईल याची शंका. दुसरी वाट राजधानीची, म्हणजे हैदराबादची. मनमाडहून सिकंदराबादेस जाणाऱ्या निजाम सरकारच्या मीटरगेज गाडीत परभणीस बसावे, नांदेड मागे टाकावे, धर्माबादेच्या पुढे बासरजवळ गोदावरी ओलांडावी, आणि पाहता पाहता फलाटावरील हाकांची भाषा मराठीची तेलुगू व्हावी. हैदराबादेस उतरल्यावर टांगेवाल्याशी बोलावयाचे ते दक्खिनी उर्दूत. कॉलेजात नाव घालावयाचे तेही उर्दूतच, पण ती उर्दू टांगेवाल्याची नव्हे. एका प्रवासात मुलाच्या कानावर तीन भाषा पडत, आणि कचेरीच्या दारावरील पाटीवर चौथी, इंग्रजी, त्याची वाट पाहत असे.

ज्या विद्यापीठाकडे हा मुलगा निघाला होता, त्याची जन्मकथा पुष्कळांना अर्धीच ठाऊक असते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ च्या एप्रिल महिन्यात फर्मान काढले, १९१८ साली विद्यापीठाची सनद झाली, आणि १९१९ साली सुमारे सव्वादोनशे विद्यार्थी व पंचवीस अध्यापक यांच्यानिशी वर्ग सुरू झाले. फर्मानामागे अकबर हैदरी यांचे टिपण होते. हैदरी हे त्या वेळी संस्थानच्या शिक्षणखात्याचे सूत्रधार होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, परकी भाषेतून शिकणाऱ्या मुलाची निम्मी शक्ती शब्द समजण्यातच खर्च होते, विचार करावयास ती उरत नाही. म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यावे, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा ठेवावा. त्या काळच्या हिंदुस्थानात कलकत्ता, मुंबई, मद्रास, अलाहाबाद येथील विद्यापीठे इंग्रजीच्या कुबड्यांवर चालत होती. अशा वेळी एका संस्थानाने हे धाडस करावे, याचे रवींद्रनाथ ठाकुरांनीही मनःपूर्वक स्वागत केले. देशी भाषेतून शिकविणारे हिंदुस्थानातील पहिले विद्यापीठ, असा उस्मानियाचा लौकिक झाला तो याचमुळे. महर्षी कर्व्यांनी १९१६ सालीच स्त्रियांसाठी मातृभाषेतून शिकविणारे विद्यापीठ काढले होते, हे महाराष्ट्रीयांनी विसरू नये. मात्र कर्व्यांच्या विद्यापीठामागे सरकारी सनद नव्हती आणि कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावे लागले. उस्मानियाच्या मागे सबंध राज्याची तिजोरी उभी होती.

हैदरींचा मुद्दा निर्विवाद होता. घोडे पेंड खात होते ते दुसऱ्या जागी. देशी भाषा म्हणजे कोणती देशी भाषा?

हैदराबाद संस्थान हे चार भाषांचे राज्य होते. १९४१ च्या शिरगणतीत राज्याची वस्ती एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या घरात होती. तीत तेलुगू बोलणारे सुमारे पंचाहत्तर लाख, मराठी बोलणारे एकोणचाळीस लाखांवर, कानडी सतरा लाख आणि उर्दू सुमारे बावीस लाख. मराठी मुलूख म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि त्या वेळचे उस्मानाबाद असे पाच जिल्हे. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी, परतूर हे तालुके त्यातच मोडत. म्हणजे शंभरांतील ज्या तेरा-चौदा माणसांची घरची भाषा उर्दू, त्यांना मातृभाषेतून विद्या मिळाली. उरलेल्या शहाऐंशी जणांच्या दृष्टीने इंग्रजी जाऊन तिच्या जागी दुसरी एक शिकावी लागणारी भाषा आली, इतकाच फरक झाला. राज्यकर्त्यांचे उत्तर असे की, उर्दू ही कोणा एका प्रांताची भाषा नाही, ती सर्वांना थोडीफार समजते, आणि चार भाषांत चार विद्यापीठे चालविणे शक्य नाही. या उत्तरात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परभणीच्या बाजारात, कोर्टात, तुराबुल हक यांच्या उरुसात उर्दू ऐकतच मुले वाढत. पण बाजारात भाव करण्यापुरती भाषा येणे निराळे आणि तीत तत्त्वज्ञान लिहिणे निराळे, हे ज्याने कधी परक्या भाषेत परीक्षा दिली आहे त्याला सांगावयास नको.

उस्मानियाचे खरे वैभव होते तिचे भाषांतरखाते. ‘दारुल तर्जुमा’ या नावाचे हे खाते विद्यापीठाच्याही आधी, १९१७ मध्येच उभे राहिले आणि मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख झाले. गणित, रसायन, वैद्यक, इतिहास, कायदा अशा विषयांतील शेकडो ग्रंथ तेथे उर्दूत उतरले. त्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून मोठमोठे लेखक आणवले गेले. ‘उमराव जान अदा’चे कर्ते मिर्झा हादी रुसवा तेथे होते, पुढे कवी जोश मलिहाबादी होते. शास्त्रीय शब्द कसे बनवावेत यावर उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शब्द बनविण्याचा हा उद्योग मराठी माणसास अपरिचित नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द शोधण्यात आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली शासनशब्दांचा कल्पतरू तयार करविला. हैदराबादेस गंगा उलट दिशेने वाहत होती, तेथे इंग्रजी शब्दांस अरबी-फारसी पर्याय येत होते. जो मुलगा पंतोजींजवळ ‘त्रिकोण’ शिकून आला होता, त्याच्या वहीत आता ‘मुसल्लस’ आला, ‘कोना’चा ‘जाविया’ झाला. लखनौच्या मुलाला ते शब्द निदान कानाने ओळखीचे वाटत. परभणीच्या, करीमनगरच्या आणि रायचूरच्या मुलाला ते इंग्रजीइतकेच दूरचे होते.

गंमत अशी की, ज्या अब्दुल हकांच्या देखरेखीखाली हे चालले होते, त्यांचे आयुष्य पुष्कळसे मराठी मुलखातच गेले होते. औरंगाबादेस ते शिक्षणखात्यात अधिकारी होते, उर्दूच्या प्रसारासाठी असलेल्या अंजुमन-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणे त्यांनी अनेक वर्षे औरंगाबादेस चालविले, आणि १९३३ साली मराठी भाषेवरील फारसीच्या प्रभावासंबंधी एक पुस्तक उर्दूत लिहिले. आपण दिवसातून शंभर वेळा जे शब्द तोंडाने काढतो, जमीन, अर्ज, वकील, तारीख, बाजार, हजर, शिल्लक, ते कोठून आले याचा हा शोध आहे. दोन भाषांचे नाते इतके जवळून पाहणारा माणूस या विद्यापीठाच्या पायाशी उभा असता, मराठीला तेथे विषयापलीकडे जागा मिळू नये, हा इतिहासाचा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

कारण विषय म्हणून मराठी तेथे होती. तेलुगू आणि कानडीही होत्या. तेलुगूच्या अध्यापनासाठी रायप्रोलु सुब्बाराव यांच्यासारखा नव्या काव्याचा प्रवर्तक कवी तेथे होता. मराठीच्या विभागात ज्यांनी नाव मिळविले ते ना. गो. नांदापूरकर परभणी जिल्ह्यातीलच. कळमनुरी तालुक्यातील नांदापूर हे त्यांचे गाव, आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींच्या महाभारतांचा त्यांनी केलेला तौलनिक अभ्यास ‘मुक्तमयूरांची भारते’ या नावाने प्रसिद्ध आहे. सभोवार उर्दूचा दरबार भरलेला असताना एका दालनात मोरोपंतांची आर्या उलगडली जात होती, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या विद्यापीठासंबंधी एकच एक मत देणे कठीण होते. तेथे मराठीला खोली मिळाली, घर मात्र मिळाले नाही.

शेजारी बसणारी मुलेही नाना प्रकारची होती. तेलंगणातील देशमुखांची मुले होती, कर्नाटकातील लिंगायत व्यापाऱ्यांची होती, मराठवाड्यातील कुळकर्णी-देशपांड्यांची होती. हैदराबाद शहरातील जहागीरदार मुसलमानांची होती, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या फारसी वाचली जाई त्या कायस्थांचीही होती. या कायस्थ मुलांची उर्दू अनेक मुसलमान मुलांपेक्षा सरस असे. म्हणजे भाषेची रेघ आणि धर्माची रेघ एकमेकींवर तंतोतंत बसत नव्हती. तशीच आणखी एक रेघ होती, मुल्की आणि गैरमुल्की यांची. उत्तरेकडून आलेले अधिकारी व अध्यापक आपल्या पोरांच्या तोंडचा घास पळवितात, ही तक्रार हैदराबादी मुसलमान आणि हैदराबादी हिंदू एका सुरात करीत. मुलींसाठी १९२४ साली कॉलेजचे वर्ग निघाले. या महिला कॉलेजचा संसार १९४९ साली कोठीतील जुन्या रेसिडेन्सीच्या भव्य इमारतीत गेला. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुले फारच थोडी होती. औरंगाबादचे बी. श्यामसुंदर हे त्यांपैकी एक. पुढे ते दलितांचे पुढारी म्हणून सर्व राज्यात गाजले.

सर्वांचा गणवेश शेरवानी. मुसलमान विद्यार्थ्यांस धर्मशास्त्राचा विषय सक्तीचा, इतरांस त्याऐवजी नीतिशास्त्राचा. आपापल्या परीने ही योजना समंजस होती, जुलमाची नव्हती. परंतु ‘मुसलमान’ आणि ‘इतर’ अशी दोनच खाती जिथे असतात, तिथे इतरांना आपण इतर आहोत याची रोज आठवण होते.

दोष सगळा दरबाराचाच होता, असे मानून मराठी माणसाने आपल्याकडे पाठ फिरवू नये. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेस विवेकवर्धिनीच्या सभागृहात एक समाजसुधारणा परिषद भरली होती. विवेकवर्धिनी ही १९०७ साली राजधानीत निघालेली मराठी शाळा. वसमत तालुक्यातील पुरजळचे केशवराव कोरटकर, जे पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, ते तिच्या संस्थापकांपैकी. परिषदेच्या अध्यक्षस्थानी खुद्द महर्षी कर्वे होते. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. एक वक्ता तेलुगूत बोलावयास उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो केली, आणि त्या श्रोत्यांत मराठी मंडळी पुष्कळ होती. राज्यातील सर्वांत मोठ्या भाषेचा असा उपहास राजधानीत व्हावा! त्याच रात्री दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि त्यातूनच पुढे आंध्र महासभा जन्मास आली. मातृभाषेच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या कर्व्यांच्या डोळ्यांदेखत हे घडले. ज्याला आपल्या भाषेचा अपमान बोचतो, त्याला शेजाऱ्याच्या भाषेचा अपमान बोचतोच असे नाही, एवढे यातून दिसते. मराठी लोकांची अशी स्वतंत्र परिषद उभी राहण्यास १९३७ साल उजाडले. महाराष्ट्र परिषदेचे ते पहिले अधिवेशन परतुरास, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल.

आता १९३८. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. आर्यसमाजाचीही चळवळ पेटली होती. शहरात आणि जिल्ह्यांत धरपकड चालू होती. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांतील हिंदू विद्यार्थ्यांनी आपल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास आरंभ केला. औरंगाबादचे हे कॉलेज १९२३ साली निघालेले, उस्मानियाच्याच छत्राखालील, मराठवाड्यातील मुलांचा पहिला जिना. अधिकाऱ्यांनी गीतास बंदी केली. त्यांचे म्हणणे असे की, हे प्रार्थनागीत नाही, राजकीय गीत आहे, आणि त्याने मुसलमान विद्यार्थ्यांच्या भावना दुखावतात. गीताच्या उत्तरार्धातील देवीच्या वर्णनास मुसलमानांचा आक्षेप होता हे खरेच. काँग्रेसच्या कार्यकारिणीनेही १९३७ च्या ऑक्टोबरात, राष्ट्रीय सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत असा निर्णय दिला होता. म्हणजे चर्चेला वाव होता, वाट निघू शकत होती. परंतु ज्या राज्यात सभा भरविण्यासही परवानगी लागे, तेथे चर्चा कोणी कोणाशी करावयाची? विद्यार्थ्यांनी हुकूम मानला नाही. त्यांना आधी वसतिगृहांतून आणि मग कॉलेजांतून काढले. गुलबर्गा, वरंगळ येथील कॉलेजांतही लोण पोहोचले, आणि शेकडो मुले एका महिन्यात शिक्षणाला मुकली.

यांतील बहुतेक मुले खेड्यांतून आलेली. घरी पाठविलेल्या पत्रास उत्तर यावयास आठवडा लागे. राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती त्या काळी कॉलेजात गेलेला मुलगा म्हणजे सबंध घराण्याची, कधी सबंध गावाची ठेव. ती ठेव एका गीतासाठी पणाला लावावयाची, हा निर्णय अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी घेतला. माफीचा मार्ग मोकळा होता, आणि तरी बहुतेकांनी तो धरला नाही.

त्यांना आसरा दिला नागपूरने. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तु. ज. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला, आणि हैदराबाद संस्थानातील मराठी, तेलुगू, कानडी मुले एकदम वऱ्हाडी-हिंदी वातावरणात येऊन पडली. वरंगळच्या कॉलेजातून निघालेला एक तेलुगू मुलगा त्यांत होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंहराव. नागपूर-पुण्याच्या त्या वर्षांत त्याने मराठी अशी आत्मसात केली की, पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. हाच मुलगा १९९१ साली भारताचा पंतप्रधान झाला. हैदराबादेस एकाच छपराखाली राहूनही मराठी आणि तेलुगू मुलांचा जो स्नेह फारसा जुळला नव्हता, तो हद्दपारीत जुळला. विद्यापीठाने जे शिकविण्याची तजवीज केली नव्हती, ते त्याने हाकलून देऊन शिकविले.

त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ४ डिसेंबर १९३९ रोजी, अडिकमेटच्या माळावर उस्मानियाच्या आर्ट्स कॉलेजच्या इमारतीचे उद्घाटन निजामांच्या हस्ते झाले. ती इमारत ज्याने पाहिली नसेल त्याने अवश्य पाहावी. अर्नेस्ट जास्पर या बेल्जियन शिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. गुलाबी छटेच्या दगडात उभी राहिलेली ती प्रचंड कमान मुसलमानी वास्तुशैलीची, पण आत शिरून खांब पाहावेत तर ते वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांची आठवण करून देणारे. म्हणजे मराठवाड्याच्या डोंगरातील शिल्प राजधानीच्या दरबारात सन्मानाने उभे होते. दगडांच्या बाबतीत जो मेळ साधला, तो माणसांच्या बाबतीत वर्षापूर्वीच मोडला होता.

तरीही त्या विद्यापीठाने केवळ दरबाराचे नोकर निर्माण केले, हे म्हणणे अन्यायाचे होईल. कामगारांचे पुढारी आणि क्रांतिकारक कवी मखदूम मोहिउद्दीन हे उस्मानियाचेच. शोएबुल्ला खान हा तरुण पत्रकार उस्मानियाचाच पदवीधर. ‘इमरोज’ या उर्दू पत्रातून त्याने संस्थान हिंदी संघराज्यात सामील व्हावे असे निर्भयपणे लिहिले आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री रझाकारांनी त्याचा खून केला. स्वातंत्र्याच्या बाजूने उर्दूत लिहिणारा मुसलमान त्या विद्यापीठात घडला, आणि त्याची भाषा हीच त्याची तलवार होती. ज्यांना उर्दू म्हटले की रझाकारच आठवतो, त्यांनी शोएबुल्लाचे नाव पाठ करून ठेवावे.

या दाराशी पोहोचूच न शकलेल्यांची संख्या मात्र सर्वांत मोठी. सातोन्याचे भगवान रघुनाथ कुळकर्णी, ज्यांना मराठी वाचक बी. रघुनाथ या नावाने ओळखतात, ते विवेकवर्धिनीतून १९३२ साली मॅट्रिक झाले. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती, म्हणून निजाम सरकारच्या बांधकामखात्यात कारकुनी पत्करली आणि परभणीस बसून कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते गेले. मराठवाड्याच्या या श्रेष्ठ लेखकाच्या नावापुढे कोणतीही पदवी नाही. जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत तर चौथीपलीकडे शाळाच नव्हती, आणि पुढल्या इयत्तेत गेले की उर्दूशी गाठ. म्हणूनच सेलू, परभणी, अंबाजोगाई, बीड येथे लोकांनी पदराला खार लावून खाजगी शाळा काढल्या. त्यांची हकीगत हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामी राज्य संपले, आणि उस्मानियातील उर्दूचे राज्यही लवकरच संपले. तिच्या जागी कोण आले? मराठी नाही, तेलुगू नाही, कानडी नाही. आली ती इंग्रजी! तीस वर्षांपूर्वी हैदरींनी जिच्या ओझ्याविरुद्ध टिपण लिहिले होते तीच. दारुल तर्जुम्याचे ते सारे परिश्रम, ते घडविलेले हजारो शब्द, कपाटांत जाऊन पडले. उर्दूऐवजी आपली भाषा हवी म्हणून जे भांडले त्यांना आपली भाषा मिळाली नाही, आणि ज्यांची होती त्यांचीही गेली. एका देशी भाषेत वैद्यक आणि स्थापत्य शिकविता येते हे तीस वर्षे सिद्ध झाले होते. चूक होती ती एकाच भाषेचा हक्क मानण्याची, आणि तिची शिक्षा मात्र सर्वच भाषांना झाली.

औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली कॉलेज काढले तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, परीक्षा उस्मानियाच्याच. त्याच वर्षी नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. आणि १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानियाने बाबासाहेबांना डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. आपल्या देशातील विद्यापीठांत असा सन्मान करण्याचे औदार्य या विद्यापीठास सुचले, ही गोष्ट त्याच्या जमेच्या बाजूस मांडली पाहिजे.

१९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद संस्थानचे भाषावार तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आता भाषा आपली, विद्यापीठ आपले. मग तरी प्रश्न सुटला का? त्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. सोळा वर्षे लागली. एका भाषेच्या, एका धर्माच्या म्हणविणाऱ्या लोकांतही ‘आपले’ आणि ‘इतर’ ही दोन खाती शिल्लक होती, आणि ती शेरवानीवाल्यांनी उघडलेली नव्हती.

परभणीचे स्वतःचे विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यात आले, तेही शेतीचे. जेथे कापसाची आणि ज्वारीची वाणे पारखली जात त्या मातीत. अखिल भारतीय परीक्षेतून काही जागा भरल्या जात असल्याने परप्रांतीय मुलेही तेथे येतात. आज परभणीच्या स्थानकावर उतरून एखादा दक्षिणेकडील मुलगा रिक्षावाल्याशी मोडक्या हिंदीत बोलताना दिसतो. शंभर वर्षांपूर्वी परभणीचा मुलगा हैदराबादच्या टांगेवाल्याशी असाच बोलत होता. या विद्यापीठास २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ते यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीच्या बंजारा तांड्यात जन्मले. घरची भाषा गोरमाटी, शिक्षण मराठीतून आणि इंग्रजीतून. कायद्याची पदवी त्यांनी १९४० साली घेतली ती नागपुरास, म्हणजे हैदराबादची हद्दपार मुले आपल्या वह्या-पुस्तकांची गाठोडी घेऊन जेथे उतरली होती, त्याच विद्यापीठाची आणि त्याच दिवसांत.